लागला की लावला

नानांसमोर ‘वणवा लागला’ असं म्हणायची सोय नव्हती. कोणी म्हटलं की ते हातातलं काम खाली ठेवायचे आणि विचारायचे, "कोनी लावा?" समोरचा म्हणे, कोणी कशाला, उन्हाळ्याचे दिवस, लागला असेल. मग नाना तीन बोटं वर करायचे. जगात आपोआप लागणाऱ्या गोष्टी तीन. तहान लागते, ठेच लागते आणि भूक लागते. चौथं जे काही लागतं ते कोणीतरी लावलेलं असतं. दुष्काळानंतर तिसऱ्या बोटापाशी ते जरा अडखळायचे. "भूकबी लावतस," म्हणायचे, "पन ते जाऊ दे."

एकदा रेंज ऑफिसातला एक कारकून पेढे घेऊन नाक्यावर आला. भाच्याला कुठेतरी नोकरी लागली होती. नानांनी पेढा तोंडात टाकला, सावकाश खाल्ला आणि अगदी गोड आवाजात विचारलं, "कोनी लावी?" कारकुनाने पुडा पुन्हा बांधला. नानांच्या बायकोचा, अक्कांच्या वाट्याचा पेढाही त्यात परत गेला. त्याबद्दल अक्का नवऱ्याला पावसाळ्यापर्यंत ऐकवत होत्या.

नाना जंगल खात्यात नाकेदार होते. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, जिथे एस.टी.चा रस्ता संपून बैलगाडीचा सुरू होतो तिथे एक आडवा बांबू, एक कौलारू खोली आणि रंग उडालेली पाटी. बांबूच्या आतलं जंगल त्यांच्या जबाबदारीत. जबाबदारीत म्हणतोय, ताब्यात नाही. ताबा कोणाचा होता ते पुढे येईलच.

मी त्या वेळी धुळ्यात कॉलेजात होतो, म्हणजे नाव कॉलेजात होतं. मी पत्रकं लिहायचो. आम्हा चारपाच जणांकडे एक जुनं सायक्लोस्टाईल यंत्र होतं आणि जगातल्या प्रत्येक अन्यायावर एका पानात मावेल इतकं बोलायची आम्हाला सवय होती. दुष्काळ संपून एक चांगला पावसाळा झाला होता. जंगलातल्या पाड्यांवरच्या माणसांवर खात्याने भरलेल्या केसेस लिहून काढायच्या म्हणून मी धुळ्याहून अमळनेर, अमळनेरहून चोपडा आणि पुढे पायी असा त्या नाक्यावर पोचलो. बांबू खाली होता. बांबूमागे एक उंच, वाळका, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला माणूस उभा. मी तयारीत होतो. खात्याचा माणूस अडवणार, मी त्याला माझे हक्क सांगणार. त्याने फक्त विचारलं,

"काडेपेटी शे का खिसामा?"

होती. सिगारेटचं पाकीटही होतं. त्याने पाकीट मला परत दिलं आणि काडेपेटीला दोरा बांधला, दोऱ्याला कागदाची चिठ्ठी अडकवली, तिच्यावर माझं नाव लिहिलं आणि ती एका पत्र्याच्या पेटीत टाकून कुलूप घातलं. पेटीत अशा तीसेक काडेपेट्या होत्या. होळीपासून मृगापर्यंत त्या बांबूच्या आत काडेपेटी जात नसे. वऱ्हाड असो, तलाठी असो, लाकडाचा ट्रक असो. ट्रकवाले शिव्या द्यायचे. परतताना ज्याची त्याची काडेपेटी मोजलेल्या काड्यांसकट परत मिळायची.

मी म्हटलं, हा काय प्रकार? मोठमोठे लोक जंगल लुटून नेतात आणि तुम्ही माझी काडेपेटी जप्त करता?

ते म्हणाले, "मोठा लोकेसले काडेपेटी लागत नही. त्यासना मानसं लावतस." आणि बांबू वर केला.

हा माणूस वेडा आहे असं मला चोपड्यातच सांगितलं होतं. पुरावा म्हणून पापडाची गोष्ट सांगत. ती खरी निघाली. नाक्याच्या पडवीत दोरीला एक कच्चा उडदाचा पापड टांगलेला असे. दुपारी बाराला नाना उठून पापडाचा कोपरा मोडायचे. कोपरा नुसता वाकला, तर हवेत ओल आहे, ते जेवून तासभर पडायचे. ‘कट’ करून तुटला, तर टॉवेल गुंडाळून, हातात कोयता घेऊन जंगलात निघायचे ते दिवस मावळेपर्यंत. मी होतो त्या आठवड्यात पापड रोज तुटत होता. वाकण्याचं नावच नाही. चौथ्या दिवशी तर बोट लावायच्या आधी वाऱ्यानेच त्याचा तुकडा पडला. नाना बराच वेळ तो तुकडा हातात धरून उभे राहिले. जेवले नाहीत.

अक्का पारोळ्याच्या. माहेरी बारा महिने पापड लाटलेले. त्या मला म्हणाल्या, "मी म्हन्त, मानूसले पापड आवडतस, चांगलं शे. लगीन व्हयनं, सवा महिन्यात कळनं, हाऊ खात नही, टांगस." त्यांची मुख्य तक्रार वेगळी होती. होळीनंतर नवऱ्याचं नाक घरात नसतं. शेजारी झोपलेला माणूस एकदम उठून बसतो आणि हुंगायला लागतो. पाहुण्यांच्या सदऱ्याला, सुनेच्या केसांना, कुत्र्याच्या पाठीला. चूल दिवस मावळायच्या आत विझायची. तिच्यावर पाणी ओतल्यावर ते स्वतः राखेत हात घालून बघायचे. बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते.

राखेचं त्यांना वेडच होतं. चिमूट घेऊन अंगठ्यावर चोळायचे आणि सांगायचे, हा साग, हा अंजन, ही सालई. सालईची राख चिकट लागते म्हणे. मला सगळी राख सारखी दिसायची. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, "धुयाना मानूस तू. तुले बठ्ठं जंगलबी सारखंच दिसत व्हई." दिसत होतं.

त्या आठवड्यात त्यांनी मला मागच्या वर्षीचे जळके डोंगर दाखवले. एका ठिकाणी ते खाली बसले आणि जळक्या गवताखालून कोळसा झालेला एक खुंट उकरून काढला. कायदेशीर तोडलेल्या झाडाच्या खुंटावर खात्याच्या हातोड्याचा छाप असतो. छाप नसला तर ते झाड चोरीचं. आणि खुंटच जळून गेला तर छाप होता की नव्हता हे कोण सांगणार? ज्या कूपात, म्हणजे तोडीला दिलेल्या जंगलाच्या तुकड्यात, लाकडाच्या ठेकेदाराने परवानगीपेक्षा जास्त तोड केली, त्याच कूपात उन्हाळ्यात आग. दरवर्षी, न चुकता. हे एक. दुसऱ्या डोंगरावर टेंभुर्णीची झुडपं. आग फिरली की टेंभुर्णीला कोवळी, रुंद, विडीजोगी पानं फुटतात, म्हणून पानांचा ठेकेदार माणसं पाठवतो. तिसरीकडे मोहाची झाडं. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून पाड्यावरचे लोकही झाडाखालचा पाला जाळतात. हे नानांनी लपवलं नाही आणि मला ते आवडलं नाही. माझ्या पत्रकात पाड्यावरचे लोक आग लावत नसत.

"लिव्ह," ते म्हणाले. "पन हे बी लिव्ह, त्या पाला जाळतस तवय उभा ऱ्हातस. फांदी हातमा लिसन. इझाडीसनच घर जातस."

आणि चौथं कारण त्यांनी दाखवलं ते जळलेलं नव्हतंच. तो एक पट्टा होता, दोन डोंगरांमधून गेलेला, कमरेएवढ्या वाळक्या गवताने भरलेला. ही जाळरेषा. थंडी संपायच्या आत इथलं गवत कापून, जाळून, पट्टा मोकळा करायचा असतो. म्हणजे एका बाजूची आग दुसऱ्या बाजूला ओलांडत नाही. दुष्काळानंतर पाऊस झाला, गवत माणसाच्या छातीला आलं, आणि नेमक्या त्या वर्षी जाळरेषेचे मजूर ठेकेदाराच्या कूपावर ओंडके ओढायला गेले. रेंजर साहेबांनीच पाठवले. मी विचारलं, मग कागदावर काय आहे? नाना दुसरीकडे बघत म्हणाले, "पूर्ण." सही कोणाची? ते पट्ट्यातून चालत राहिले, आणि वाळकं गवत त्यांच्या पायांखाली पापडासारखं मोडत राहिलं.

मला वाटतं, त्यांच्या सगळ्या काळजीचं मूळ त्या एका सहीत होतं. तोवर ते खात्याशी भांडून टिकले होते. वणव्याच्या अहवालाचा छापील फॉर्म असे. त्यात चौथा रकाना, ‘वणवा केव्हा व कसा लागला’. नाना प्रत्येक वेळी फूटपट्टी धरून ‘लागला’ या शब्दावर रेघ मारायचे आणि वर सुवाच्य अक्षरात लिहायचे, ‘लावला’. फॉर्म परत यायचा. मेमो यायचा. छापील मजकुरात फेरफार केल्याबद्दल खुलासा द्यावा. ते खुलासा द्यायचे. बाकीचे सगळे नाकेदार त्या रकान्यात एकच वाक्य लिहीत, ‘अज्ञात इसमाने विडी टाकल्यामुळे.’ नाना म्हणायचे, मी नोकरीत आल्यापासून हा अज्ञात इसम विड्या ओढतोय, खोकून मेला कसा नाही अजून? या एका शब्दापायी त्यांच्या मागून आलेली पोरं वनपाल झाली आणि हे बांबूपाशीच राहिले. ज्या माणसाने एक छापील शब्द कधी सहन केला नाही, त्याने ‘पूर्ण’ या शब्दाखाली सही केली होती. कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण मला तोवर माझं पत्रक सापडलं होतं.

धुळ्याला परत येऊन मी ते एका बैठकीत लिहिलं. मथळा, ‘वणवा लागत नाही, लावला जातो!’ खाली खुंट, टेंभुर्णी, जाळरेषा, सगळं. ठेकेदाराचं नाव आम्हाला माहीत होतं. आमच्यातला एकजण वकिलीचा अभ्यास करत होता. तो म्हणाला, नाव घालू नका, अब्रुनुकसानीचा दावा ठोकेल. आम्ही नाव काढलं. मला फार वाईटही वाटलं नाही. मथळा चांगला होता.

पत्रकं चोपड्याच्या बाजारात वाटली, पारोळ्याला वाटली, जळगावला कचेरीच्या फाटकासमोर उभं राहून वाटली. एक प्रत मी स्वतः नाक्यावर नेऊन दिली. नानांनी चष्मा लावून दोनदा वाचलं. मला शाबासकी हवी होती. त्यांचाच शब्द होता.

"लावला जातो," ते वाचत म्हणाले. "कोन लावस?"

मी म्हटलं, नाना, ते सगळ्यांना माहीत आहे.

"बठ्ठासले माहीत शे ते कागदवर का नही?"

मी त्यांना दाव्याची भानगड समजावली. ते ऐकून घेत होते, पण नजर कागदावर. मग त्यांनी माझ्याशी नेहमीच्या बोलीत न बोलता, शाळेत शिकवतात तशा मराठीत सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. "तू रकाना केलास आणि मोकळा ठेवलास. मोकळा रकाना सरकारला बघवत नाही. ते त्यात नाव भरतात. ज्याचं भरायला सोपं त्याचं."

मी मनात म्हटलं, म्हातारा घाबरला. तो घाबरलेला होताच. पण मला वाटलं तसं स्वतःसाठी नव्हे.

जळगावात पत्रकाचा बोभाटा झाला. एका वर्तमानपत्राने मथळा तसाच छापला. वरून रेंज ऑफिसला हुकूम आला की वणवे लावले जात असतील तर लावणारा शोधून हजर करा. खात्याची एक जीप त्या भागात फिरायला लागली.

इथे रुमाल्याबद्दल सांगायला हवं. नाक्यापलीकडे नाला, नाल्यापलीकडे पावरा आदिवासींचा पाडा, त्यातला हा रुमाल्या. तिशीचा, बुटका, पायाने अतिशय चपळ. तो आणि नाना आगीचे भागीदार होते. नाना रॉकेलचा रिकामा डबा वाजवायचे आणि पाड्यावरची माणसं ओल्या फांद्या घेऊन धावत यायची, सगळ्यांत पुढे रुमाल्या. कोणी त्यांना त्याचे दाम देत नसे. डोंगरावर त्यांचा मोह होता, त्यांचं गवत होतं. होळीसुद्धा पाड्याने नानांच्या शब्दाखातर नदीच्या कोरड्या वाळूत पेटवायला सुरुवात केली होती. बदल्यात नानांना ढोलापाशी नाचावं लागे, आणि ते टॉवेल सोडून वाईट नाचत.

पत्रकानंतर दहाबारा दिवसांनी, भर दुपारी, ठेकेदाराच्या कूपात धूर दिसला. नानांनी डबा वाजवला. वाऱ्याचं तोंड खाली होतं. आग जाळरेषेपर्यंत आली आणि तिला जाळरेषा सापडलीच नाही, नुसतं गवत सापडलं. ती ओलांडून पाड्याच्या बाजूला उतरली. माणसं संध्याकाळपर्यंत झोडपत होती. नानांच्या भुवया जळाल्या. रुमाल्याचे तळवे सोलून निघाले. त्यांनी ती नाल्याच्या अलीकडे थोपवली. आणि तेवढ्यात जीप आली. जीपमधल्यांना आगीपाशी पहिला सापडला तो रुमाल्या, हातात जळकी फांदी, अंगाला धुराचा वास, पायाला भाजल्याच्या खुणा. त्यांना आणखी काय पाहिजे होतं?

मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी पोचलो तेव्हा रुमाल्या रेंज ऑफिसच्या व्हरांड्यात खांबाला टेकून बसला होता, पायांना पाला बांधलेला. त्याची बायको रेलीबाई अंगणात उन्हात. मोहाचा हंगाम सुरू झाला होता. फुलं पहाटे पडतात, दिवसभरात गुरं खातात नाहीतर सुकून काळी होतात. पंधरा दिवसांत सगळं संपतं. तिच्या सात झाडांखाली त्या क्षणी कोणी नव्हतं. ती एकदाही रडली नाही. दर थोड्या वेळाने डोंगराकडे बघायची.

मी आत घुसलो आणि ओरडायला सुरुवात केली. रेंजर साहेब भला माणूस होता, चहा विचारणारा. त्याने मला बसवलं आणि माझंच पत्रक पुढे सरकवलं. ‘लावला जातो’खाली लाल पेन्सिलीची रेघ होती. म्हणाला, "तुम्हीच लिहिलंय. आम्ही कारवाई केली. आता का ओरडता?"

मी म्हटलं, ठेकेदार. तो म्हणाला, यात कुठे आहे ठेकेदार? दाखवा. 

नाना कोपऱ्यात बाकावर बसले होते, भुवया नसलेला चेहरा फार उघडा दिसत होता. साहेबाने त्यांच्यापुढे दोन कागद ठेवले. एक पंचनामा, त्यात रुमाल्याने वणवा लावला असं. त्याच्यावर नाकेदार म्हणून नानांची सही हवी होती. नानांनी तीन दिवस ती दिली नव्हती. दुसरा तो छापील फॉर्म.

साहेब समजुतीच्या आवाजात बोलत होता. नाना, मला तरी कुठे हौस आहे गरिबाला जळगावला पाठवायची? तिथे केस उभी राहायला दोनतीन वर्षं जातील. पण तुम्हीच म्हणता ना, लावला? तर मग मला लावणारा द्या. ठेकेदार म्हणाल तर साक्षीदार आणा. जाळरेषा नव्हती म्हणाल, तर ‘पूर्ण’वर सही तुमची आहे, आधी तुम्ही घरी जाल. नाहीतर सरळ आहे, नेहमीसारखं लिहा. लागला. अज्ञात इसम, विडी. लागलेल्या वणव्याला आरोपी लागत नाही. रुमाल्याला आत्ता घेऊन जा.

मी म्हटलं, "नाना, लिहू नका. आपण लढू."

नानांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी साहेबाला विचारलं, "मोह पडून किती दिवस झाले, साहेब?"

साहेबाला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं. त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं.

त्यांनी फॉर्म ओढून घेतला. टेबलावर फूटपट्टी होती. सवयीने त्यांचा हात तिच्याकडे गेला, आणि परत आला. ‘लागला’ हा छापील शब्द त्यांनी तसाच राहू दिला. खरं तर काही करायचं नव्हतं, फक्त खोडायचं नव्हतं. पण तेवढ्याला त्यांना इतका वेळ लागला की साहेबाने मध्ये दोनदा चहाचा कप उचलून खाली ठेवला. मग त्यांनी पुढे आपल्या सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘अज्ञात इसमाने विडी टाकल्यामुळे’, आणि सही केली.

बाहेर आल्यावर मी त्यांना वाटेल ते बोललो. ठेकेदार सुटला, साहेब सुटला, आणि तुम्हीही सुटलात, तुमची सही झाकली गेली, असं म्हणालो. रस्त्यावर, चारचौघांत. ते थांबले.

"हां," म्हणाले, "मीबी सुटनू. ते खरं शे." आणि रुमाल्याच्या बगलेत हात घालून त्याला चालवायला लागले.

रुमाल्याने मात्र मान वळवून मला विचारलं, अगदी साधेपणाने, चौकशी केल्यासारखं. "भाऊ, तुमना कागदमा मनं नाव व्हतं का?"

नव्हतं, मी म्हटलं.

"मंग सायबले कोठेन सापडनं?"

त्याला वाचता येत नव्हतं, म्हणून त्याने विचारलं. मला वाचता येत होतं, मी एस.टी.च्या रस्त्याला लागलो.

धुळ्याला जाऊन मी दुसरं पत्रक लिहिलं. त्यात एका लाचार नाकेदाराबद्दल चार जळजळीत ओळी होत्या. स्टेन्सिल कापून झाल्यावर आमच्या वकील मित्रानेच ते वाचलं आणि विचारलं, "या वेळी तरी ठेकेदाराचं नाव घातलंस का?" घातलं नव्हतं. नानांचं मात्र गावासकट घातलं होतं. ते पत्रक निघालं नाही. मी हे सांगतोय ते स्वतःला शहाणं ठरवायला नव्हे. पेपरात आजही दर उन्हाळ्यात ‘सातपुड्यात वणवा लागला’ असं छापून येतं आणि ते वाचून माझं डोकं फिरतं. पण नुसतं क्रियापद दुरुस्त करून मी काय केलं होतं, तेही सांगायला पाहिजे.

पुढच्या चैत्रात मी नाक्यावर गेलो. काडेपेटी न मागता काढून दिली. नानांनी दोरा बांधला, नाव लिहिलं, मागच्या वर्षाचा विषय काढला नाही. त्या वर्षी जाळरेषा त्यांनी आणि अक्कांनी दोघांनीच कोयत्याने जेवढी झाली तेवढी मोकळी केली होती. अर्धीसुद्धा झाली नव्हती. अक्कांच्या हाताला घट्टे पडले होते. निवृत्तीला एक उन्हाळा उरला होता, आणि त्या उन्हाळ्याचीच त्यांना धास्ती होती.

तिसऱ्या दिवशी दुपारी नाना बोलता बोलता गप्प झाले आणि मान वर करून हुंगायला लागले. मला काहीच वास आला नाही. पाच मिनिटांनी डोंगराच्या खांद्यावर पांढरी रेघ दिसली. त्यांनी डबा उचलला आणि वाजवला.

एरवी डबा थांबायच्या आत माणसं नाल्यात उतरलेली असत. त्या दिवशी पाड्यावर हालचाल दिसेना. नाना वाजवत राहिले. मग झोपड्यांतून एकेक माणूस बाहेर आला आणि नाल्याच्या पलीकडच्या काठावर उभा राहिला. बाया, म्हातारे, पोरं. सगळे धुराकडे बघत होते आणि कोणी खाली उतरत नव्हतं. वर त्यांचाच मोह होता.

शेवटी रुमाल्या पुढे झाला. त्याने पळसाची एक फांदी मोडली, ओढून पाहिली आणि नाल्यात पाय टाकला.

त्याच वेळी मला चोपड्याच्या बाजूला धूळ उठलेली दिसली. जीप. अजून बरीच लांब होती, पण सरळ इकडेच येत होती. नानांनीही पाहिली. त्यांनी डबा वाजवायचं थांबवलं. धुराकडे पाहिलं, धुळीकडे पाहिलं, आणि मग नाल्यात उभ्या रुमाल्याकडे पाहून हात हलवला. बोलावताना हलवतात तसा नव्हे. गुरं मागे वळवताना हलवतात तसा. रुमाल्याला कळलं नाही. तो आणखी दोन पावलं आला. नानांनी पुन्हा हात हलवला, या वेळी जोरात. रुमाल्या थांबला, त्याने फांदी खाली ठेवली, आणि मागे वळून काठ चढून गेला. त्याच्यामागे सगळा पाडा आत गेला.

अक्का दोन फांद्या घेऊन आल्या. एक त्यांनी मला दिली. नाना आधीच चढणीला लागले होते. मी धावत त्यांना गाठलं आणि पुढे जायला लागलो, मी तरुण होतो, मला पुढे राहायचं होतं. त्यांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं.

"तू मांगे ऱ्हाय," ते म्हणाले. "जो पैला सापडस, त्यालेच धरतस."

आणि मला ओलांडून ते धुरात शिरले.